दहाच्या आत

नानासोंना बसवत नव्हतं.

सांगलीच्या त्या मैदानावर पाच-सहा हजार माणूस जमलं होतं. मेव्हण्याच्या वशिल्यानं पुढची खुर्ची मिळाली होती, पंख्याचा वाराही लागत होता. तरी गडी काट्यावर बसल्यासारखा चुळबुळत होता. कारण स्टेजवर गाणं नव्हतं. सत्कार चालू होते.

'खडखडाट' हा सांगलीतल्या इंजिनिअरिंगच्या चार पोरांचा बँड. नव्वदच्या दशकात त्यांनी कॉलेजं हलवून सोडली होती. नानासो तेव्हा आयटीआयला होते. तिकीट मिळालं नाही म्हणून त्यांनी बँडचा कार्यक्रम कॉलेजच्या भिंतीबाहेर उभं राहून ऐकला होता. 'घाट उतरताना' हे गाणं संपलं, आणि त्यापुढे एकटी गिटार जी सुटली ती सुटलीच. मध्येच रस्त्यावरून ट्रक गेला की ती बुडायची, परत वर यायची. पुढे कॅसेट निघाली, पण कंपनीनं नेमका तो शेवट कापून टाकला. मग पोरं पांगली, कोण पुण्याला, कोण अमेरिकेला. नानासोंनी ती कापलेली कॅसेट ट्रॅक्टरवर इतकी वाजवली की घरचे वैतागले. बायको संयोगिता म्हणायची, एकच गाणं ऐकून देवसुद्धा कंटाळला असता.

आता कुणा युवानेत्याच्या वाढदिवसाला चौघं एका रात्रीपुरते एकत्र आले होते. पुन्हा येतील याची खात्री नव्हती. नानासो कोरेगावाहून दुपारीच निघाले होते, आणि भिंतीच्या आत बसून तो शेवट एकदा सबंध ऐकायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पण लाउडस्पीकरची परवानगी दहापर्यंतच. गणपतीमुळे दहाचा नियम आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. साउंडच्या तंबूशेजारी फौजदार उभेच होते.

आणि इकडे शाली निघत होत्या. पतसंस्थेचे चेअरमन झाले. पैलवान झाले. दहावीचे गुणवंत झाले, मग गुणवंतांचे पालक झाले. प्रत्येकाला शाल, नारळ, फेटा आणि वर 'दोन शब्द'. आपल्याकडे माणूस दोन शब्द म्हणाला की ऐकणाऱ्यानं चप्पल काढून मांडी घालावी हे बरं. मध्ये बँडनं पाच गाणी वाजवली, झकास वाजवली. अनीश, तो गिटारवाला, केस पिकले तरी बोटं तीच. नानासोंना भडभडून आलं. तेवढ्यात कुणीतरी मोठे पाहुणे उशिरा उगवले आणि गाणं थांबवून पुन्हा शाली बाहेर आल्या. चौघं वाद्यं गळ्यात अडकवून, वरातीत मागं राहिलेल्या वाजंत्र्यांसारखे, एका कडेला उभे राहिले.

नानासोंनी घड्याळ पाहिलं. साडेनऊ होऊन गेले होते. या भाषणबाजांना त्यांनी मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या लिहिण्यासारख्या नाहीत.

शेजारी मेव्हणा, आकाराम, मोबाईल सरसावून बसला होता. तो दादांचा, म्हणजे वाढदिवसवाल्या युवानेत्याचा कार्यकर्ता, त्यामुळे आज त्याची छाती दोन इंच फुगलेली. निवेदकानं पुकारा केला, "आणि आता 'खडखडाट'चे सर्वांत जुने चाहते, कोरेगाव तालुक्यातील प्रगतशील शेतकरी, श्रीयुत नानासो..."

नानासो गर्रकन मेव्हण्याकडे वळले.

"आकाराम, हे तू केलंस?"

"तर वो. सगळ्या पाहुण्यांचं होतंय, मग माझ्या दाजींचंच का न्हाई?"

"नको रं. आधी त्यांना वाजवू दे."

"आवं दाजी, दादांच्या हातनं हाय. तुमी न्हाई म्हणला तर मला तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई."

मेव्हण्याचं तोंड राखायला दाजी स्टेजवर गेले. डोक्यावर फेटा बसला, खांद्यावर शाल पडली, हातात माईक आला. नानासोंनी ठरवलं होतं, आभार मानायचे आणि पाच पायऱ्या उतरायच्या.

"मी काही बोलणार न्हाई," ते म्हणाले. "आमाला गाणं ऐकायचंय."

मैदान टाळ्यांनी उठलं. आणि टाळी फार वाईट. टाळीपायी भली भली माणसं वाया गेलीत, नानासो तर साधा माणूस. ते म्हणाले, फक्त एक सांगतो. मग भिंतीचं सांगितलं. लोक हसले, म्हणून ट्रकचं सांगितलं. मग स्वतःच्या लग्नातलं, बेंडबाजावाल्याला हे गाणं वाजव म्हणालो तर त्यानं भलतंच कसं वाजवलं ते. घरात इतक्या वर्षांत कुणी एवढं लक्ष देऊन त्यांचं ऐकलं नव्हतं. हजारो माणसं तोंडाकडे बघतायत, मागं अनीश कौतुकानं हसतोय. नानासोंना सुख झालं, अगदी खरं सुख झालं. त्या भरात त्यांनी माईक तोंडाशी धरला आणि तो कापलेला शेवट, जसा आठवत होता तसा, तोंडानं वाजवून दाखवला. "टॅणॅणॅ टँव टँव, टॅणॅणॅ टँव." पोरांनी खुर्च्यांवर उभं राहून शिट्ट्या मारल्या. वन्स मोअर आला. नानासोंनी वन्स मोअर दिला.

ते खाली उतरले आणि चौघांनी 'घाट उतरताना' सुरू केलं. नानासो कठड्याला जाऊन चिकटले. शब्द संपले. ड्रम थांबले. अनीशनं डोळे मिटले, मान मागं टाकली आणि पहिला सूर काढला, लांब, वर चढत जाणारा.

आणि आवाज गेला.

फौजदार साउंडवाल्याच्या शेजारी उभे होते. दहा वाजले होते. अनीशची बोटं थोडा वेळ तारांवरून पळत राहिली, मग त्यानं डोळे उघडले. नानासोंना राग आला, पण तो धरायचा कुणावर? चेअरमनवर, पैलवानावर? सगळ्यांत शेवटी माईक कुणाच्या हातात होता हे पाच-सहा हजार लोकांनी बघितलं होतं.

अनीश स्टेजच्या कडेला येऊन वाकला. "छान बोललात," तो म्हणाला. त्यात कुठे टोमणा नव्हता, म्हणून नानासोंना ते जास्त लागलं. त्यांनी नुसते हात जोडले.

गर्दीबरोबर ते गेटकडे निघाले. आकाराम खुशीत होता, दाजींचं भाषण त्यानं सगळं मोबाईलवर घेतलं होतं. नानासोंनी फेटा काढून काखेत मारला. पुढं कॉलेजची पाच-सहा पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालली होती, आणि टॅणॅणॅ टँव टँव करत होती. बाजूनं दुसऱ्या पोरांनी ते उचललं. पार्किंगपर्यंत तेच चालू होतं.

नानासोंचा जीव कळवळला. थांबा रं, ते तसं नव्हतं, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण मग कसं होतं, हे कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता येणार नव्हतं.