छडी आणि लांब ओळ

मी एक जुनी छडी आहे. घाबरू नका, मित्रांनो. उभ्या जन्मात मी कुणाच्या पाठीला लागले नाही. माझे काम हवेत.

जन्म: सुताराकडे, हलक्या पांढऱ्या लाकडातून. मुठीला बूच.

बालपण: नाही. त्याच संध्याकाळी मास्तरांच्या हाती आले.

मास्तर वाद्यवृंद चालवत. मी वर गेले की साठजण श्वास घेत, खाली आले की सूर उमटे. मी स्वतः मात्र मुकी. टाळ्या पडल्या की मास्तर मला काखेत धरून वाकत. थोड्या मलाही मिळत.

वर्षे.

आणखी वर्षे.

मग एका ऑपेराच्या, म्हणजे सबंध गाऊन करायच्या नाटकाच्या, तालमी सुरू झाल्या. नव्या गायिकेचा श्वास एका लांब ओळीत दर वेळी शेवटच्या शब्दाआधी तुटे. मास्तर म्हणत, हल्लीच्या मुलींचा सगळा दम बोलण्यात जातो. शेवटी त्यांनी सर्वांसमोर सांगितले की उद्यापासून दुसरी गायिका येईल. मुलगी पाण्याच्या बाटलीचे झाकण लावत, काढत राहिली.

मला खरे ठाऊक होते. हवा मीच कापत होते, आणि पूर्वीपेक्षा सावकाश कापत होते. पण मुकीने सांगावे कसे?

सांगितले मास्तरांच्या बायकोने. त्या तिथेच चेलो वाजवत.

"अहो, तिचा दम कमी नाही पडत. तुमचा हात जड झालाय."

"माझा?"

"ती ओळ तुम्ही म्हणून बघा ना. तुमच्याच लयीत."

घरचा भेदी चेलो वाजवतो, असे पुटपुटत मास्तरांनी मला उचलले आणि गाऊ लागले.

आवाज वर गेला,
मी वर गेले,
मी अजून वरच,
आवाज

कुणी हसले नाही. सगळ्यांना एकदम आपापली वाद्ये पुसायची आठवण झाली.

मास्तरांनी मला खाली घेतले. मग गायिकेला म्हणाले, "तू गा. मी तुझ्या श्वासामागनं येतो."

त्या दिवशी मी पहिल्यांदा कुणाच्या तरी मागून चालले. ओळ शेवटपर्यंत गेली. गायिका राहिली. प्रयोग संपले तेव्हा मास्तरांनी वाद्यवृंद आपण होऊन दुसऱ्याच्या हाती दिला, आणि मी खणात आले.

मित्रांनो, माझ्यासारखीला दमट जागी ठेवू नका, बूच सुटते. आणि तुमच्या हाती कधी छडी आलीच, तर समोरच्याची ओळ अधूनमधून स्वतः म्हणून बघा. दम पुरतो का?