विहाराची साडी नेसलेलं भूत

भुताखेतांना आमच्या घरात कोणी मानत नाही. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच सासऱ्यांनी ते सगळं सोडलं. आणि त्यांचाच नातू, माझा समाधान, खडकीच्या आमच्या क्वार्टरमध्ये भुतांचा सिनेमा काढायला बसला! एका सिनेमात चार गोष्टी, चार भुतं, आणि बजेट एका भुताचंही नाही. खिडक्यांना माझ्या चादरी लावून भर दुपारी रात्र करायची, आणि रक्त म्हणून माझ्या बीटाचा रस.

"हिंजवडीत आयटीतली एवढी चांगली नोकरी आणि हे कसले उद्योग?" मी विचारलं.

"छंद आहे गं. रविवारी तू विहारात गेलीस की करतो. तुला त्रास नको."

त्रास नको म्हणे! स्वतःचं ताट न उचलणाऱ्याला माझी काळजी कधीपासून? पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. पुढच्या रविवारी निकिताच्या घरचे तिच्या आणि समाधानच्या लग्नाची बोलणी करायला येणार होते. मंदीचे दिवस, रोज कोणाची तरी नोकरी जात होती, म्हणून तिच्या वडिलांनी, तात्यारावांनी, दोनदा विचारलं होतं. मुलगा कंपनीत पक्का आहे, असं मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. तीस वर्षं दारूगोळा कारखान्यात काढली, पण खोटं बोलून कोणापुढे उभी राहिले नाही.

मंगळवारी त्यानं मोठ्या कौतुकानं पहिली गोष्ट कॉम्प्युटरवर दाखवली. मोरीतून भूत निघालं. भूत म्हणजे त्याचा मित्र आयुष, डोक्यावर लांब केसांचा टोप घालून. मला हसू आवरेना. मग भूत पाठमोरं झालं. पांढरी साडी, पदराला रफू, आणि ते रफू माझ्या हातचं.

माझ्याकडे पांढरी साडी एकच. रविवारी वंदनेला मी तीच नेसते. मग रविवारी हे भूत काय नेसून फिरत होतं?

"साडी कधी घेतलीस रे?"

"अं... तू विहारातून आल्यावर."

"आल्यावर मी ती भिजवते."

"आई, तू पण ना! पोलिसात का नाही गेलीस?"

मनात पाल चुकचुकली. म्हणजे शूटिंग रविवारी नाही, मधल्या वारी मी कारखान्यात असताना होतं, आणि हा तेव्हा घरी असतो. मग रोज सकाळी गळ्यात कंपनीचा पट्टा अडकवून, डबा घेऊन जातो कुठे? चार दिवस मी त्याचे बूट, बॅग, चेहरा न्याहाळत राहिले. विचारायला मात्र जीभ रेटेना. खरं निघालं तर?

शनिवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, तो म्हणाला, "चौथ्या गोष्टीत तू आहेस. पाकीट उघडायचं, कागद वाचायचा आणि ओरडायचं. बस्स."

आयुषनं बल्ब धरला. समाधान कॅमेऱ्यामागे. मी पाकीट उघडलं. इंग्रजी मला कारखान्यातल्या नोटिसांपुरतं कळतं. नाव, तारीख आणि नोकरी संपल्याचं वाक्य वाचायला तेवढं पुरलं. तीन महिन्यांपूर्वीची तारीख होती.

"आई, ओरड ना," तो कॅमेऱ्याआडूनच म्हणाला.

आयुषनं हळूच बल्ब ठेवला आणि चपला घालून निघून गेला.

"मेल्या, आईला सांगायला सिनेमा काढावा लागतो?"

"समोर उभं राहून जमेना. कितीदा ठरवलं. भुतांना कोण घाबरतंय? मी तुलाच घाबरतो, आई."

पोरगा हिंजवडीत, पोरगा हिंजवडीत, असं मी अख्ख्या खडकीला ऐकवत फिरले. त्यानं तोंड उघडावं अशी जागा ठेवली होती का मी?

फोन उचलला. "उद्या ते येईपर्यंत थांब ना," तो म्हणाला. मी थांबले नाही.

"तात्याराव, समाधानची नोकरी तीन महिन्यांपूर्वीच गेली. मला आत्ता कळलं. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

"कळवतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

समाधान भिंतीला टेकून खाली बसला होता. मी शेजारी बसले.

"डबा कुठे खायचास रे?"

"आधी स्टेशनच्या बाकावर. मग आयुषचीही नोकरी गेली. दोघं मिळून काहीतरी करतोय असं वाटावं म्हणून सिनेमा काढला."

मी त्याला जवळ ओढलं. याआधी कधी जवळ घेतलं होतं, ते काही केल्या आठवेना.