कॉपर वेल्सची शाळा

नेवाडाच्या वाळवंटात शिरल्यापासून शुभाचे डोळे जड झाले होते, पण झोप काही लागत नव्हती. रस्ता सरळसोट. दोन्ही बाजूंना करडी, खुरटी झुडपं, आणि समोर निळसर डोंगर. दोन तास गाडी पळवली तरी ते होते तिथंच. मधूनच एखादं गाव लागायचं. एक गॅस स्टेशन, एक मोटेल, रंग उडालेली कॅसिनोची पाटी, पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसलेला एखादा म्हातारा. तो त्यांच्या गाडीला हात करायचा, शुभाही हात करायची, आणि तेवढ्यात गाव संपायचं.

गाडी देवदत्त चालवत होता. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये दोघांनी सव्वीस वर्षं काढली होती. मुलगी सई शिकून सिॲटलला गेली, आणि या मार्चमध्ये देवदत्तची नोकरीही गेली. घरात दोघंच उरल्यावर शुभाच्या लक्षात आलं, की आपण बोलतो ते फक्त कामाचं. दूध आणायचंय, हीटर दुरुस्तीवाल्याला बोलवायचंय, एवढंच. शेवटी सईनंच फोनवर फर्मान काढलं, "बाबा, जस्ट गो समव्हेअर. बोथ ऑफ यू." मग लास व्हेगासपर्यंत विमान, तिथून भाड्याची गाडी. देवदत्तनं सगळ्या प्रवासाचं एक्सेल शीट केलं होतं. त्यात लिहिलं होतं, 'कॉपर वेल्स, घोस्ट टाउन, चाळीस मिनिटं.'

हायवे सोडून अकरा मैल कच्चा रस्ता. मागं धुळीचा लांबलचक पदर उडत होता. मग एका वळणावर ते गाव दिसलं. उन्हानं चांदीसारखी झालेली दहा-बारा लाकडी घरं, छप्पर नसलेली बँक, तिच्या खिडक्यांमधून पलीकडचं आकाश. तांब्याची खाण बंद पडली आणि माणसं निघून गेली. आता सगळ्या गावात वस्ती होती ती चाकांवरच्या एका ट्रेलर-घरात, राखणदार बाईंची.

गाडी थांबते न थांबते तोच त्या बाई धावत आल्या. सत्तरीच्या असाव्यात. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला कुत्रा, त्याचं तोंड एका बाजूनं सुजून भोपळ्याएवढं झालेलं.

"साप चावला, रॅटलस्नेक," त्या धापा टाकत म्हणाल्या. "जनावरांचा डॉक्टर सव्वा तासावर आहे. मी येईपर्यंत थांबाल का? गाव उघडं टाकून जाता येत नाही हो. मागच्या महिन्यात एक अख्खा दरवाजा बिजागऱ्यांसकट उचलून नेला कुणीतरी."

देवदत्तनं घड्याळाकडं पाहिलं. तो काही बोलायच्या आत शुभा म्हणाली, "थांबतो आम्ही. तुम्ही जा."

बाईंनी किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात कोंबला, "मी लोरेन. लोक आले तर शाळा दाखवा, ती सगळ्यांना आवडते," असं म्हणाल्या आणि पिकअपमध्ये बसून गेल्याही.

"शुभा, तीन तास तरी जातील यार," देवदत्त म्हणाला. "पुढचं बुकिंग आहे आपलं."

"जाऊ देत ना."

मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे कॅन्सल तरी कुठं करणार? थोडा वेळ तो येरझाऱ्या घालत राहिला, मग एका लोंबकळणाऱ्या खिडकीपाशी थांबला, आणि ट्रेलरच्या पायरीवरची पाना-पक्कड आणून ती बसवू लागला. शुभा एकटीच रस्त्यानं चालत निघाली. वारा घरांच्या फटींतून हलकेच शीळ घालत होता. एका घरात भिंतीवर निळ्या फुलांचा कागद अजून शाबूत होता. एका ओसरीवर तिला उगीचच वाटलं, आत कुणीतरी नुकतंच उठून पाणी आणायला गेलंय. भीती अशी वाटली नाही. उलट कितीतरी दिवसांनी कुणाची तरी सोबत असल्यासारखं वाटलं.

शाळेचं कुलूप उघडून ती आत गेली. एकच खोली, एक फळा, लोखंडी पायांचे बाक. टेबलावर काचेच्या पेटीत एक हजेरीपट होता, शेवटच्या वर्षाचा, १९५१चा. ती तिथं किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. बाहेर गाडीचं दार वाजलं तेव्हा ती भानावर आली.

साठीची एक बाई एका वृद्ध गृहस्थांना हाताला धरून घेऊन येत होती. दारात आल्यावर ते गृहस्थ थबकले. त्यांनी शुभाकडं पाहिलं, तिच्या हातातल्या किल्ल्यांकडं पाहिलं, आणि डोक्यावरची टोपी काढली.

"गुड आफ्टरनून, मिस हार्ले."

"सॉरी," ती बाई शुभाच्या कानाशी पुटपुटली. "माझे वडील, वॉल्टर. चौथीपर्यंत इथंच शिकले, मिस हार्लेंच्या हाताखाली. हल्ली कधीकधी त्यांना समजत नाही, आपण कुठल्या वर्षात आहोत ते."

तोवर वॉल्टर एका चिमुकल्या बाकावर कसेबसे बसलेसुद्धा, पाठ ताठ, हात बाकावर. आणि हे बसणं तिच्या ओळखीचं होतं. तिनं काचेची पेटी उघडली, हजेरीपट अलगद बाहेर काढला आणि फळ्यापाशी उभी राहिली.

"रूथ ॲलन," तिनं वाचलं.

वारा. शांतता. प्रत्येक नावानंतर ती थांबत होती, मुलांना उत्तर द्यायला वेळ द्यावा तशी. देवदत्त हात पुसत दारात आला आणि तिथंच उभा राहिला. मग शेवटच्या बाकावर जाऊन बसला.

"वॉल्टर लिंडक्विस्ट."

"प्रेझेंट, मॅम!" म्हाताऱ्याचा आवाज खणखणीत होता. त्यांची मुलगी खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

चौदा नावं संपली. वॉल्टर अजून ताठच बसले होते. "मिस हार्ले," ते हळूच म्हणाले, "शेवटच्या दिवशी मी आलो नाही. पप्पांनी पहाटेच ट्रकमध्ये सामान टाकलं. कुणाला सांगू नकोस म्हणाले. तुम्ही रागावलात?"

"नाही," शुभा म्हणाली. "थोडी वाट बघितली."

"किती?"

"घंटा होईपर्यंत. मग म्हटलं, वॉल्टर कुठंतरी लांब गेला असेल. चांगल्या ठिकाणी."

त्यांनी जरा विचार केला. "चांगलं होतं," ते म्हणाले. "तिथं समुद्र होता."

जाताना त्यांनी शुभाशी हात मिळवला. गाडीची धूळ खाली बसेपर्यंत ती पायरीवर उभी होती. मग आत येऊन देवदत्तच्या शेजारच्या बाकावर बसली.

"तुला शिकवताना मी कधी पाहिलंच नाही," तो म्हणाला.

"कुठून बघणार? लग्न डिसेंबरात झालं, जानेवारीत इथं. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, आणि पुढं करता आली तेव्हा सई होती." ती बाकावरच्या ओरखड्यांवरून बोट फिरवत होती. "माझाही चौथीचाच वर्ग होता रे, नागपूरला. नाताळच्या सुट्टीनंतर भेटू, असं सांगून आले होते मुलांना. खरं सांगायचा धीर झाला नाही."

"हे तू कधी बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस. आणि मलाही वाटलं, त्यात काय सांगायचं?"

देवदत्त फळ्याकडं बघत राहिला. "मार्चमध्ये त्यांनी मला खोका दिला," तो म्हणाला. "डेस्क रिकामं करायला. सिक्युरिटीवाला शेजारी उभा. सव्वीस वर्षं ज्यांच्यासोबत जेवायला बसलो त्यांतल्या कुणालाच मी बाय म्हटलं नाही. मान खाली घालून निघून आलो." तिनं त्याचा हात हातात घेतला. उन्हाचा चौकोन जमिनीवरून सरकत भिंतीवर चढला, पिवळा झाला, मग केशरी.

लोरेन परतल्या तेव्हा डोंगर जांभळे पडले होते. कुत्रा वाचला होता. एक दिवस दवाखान्यात ठेवावं लागणार होतं, एवढंच. त्यांनी शुभाला घट्ट मिठी मारली, आणि बसवलेली खिडकी तीनदा उघडून-मिटून पाहिली.

हायवेला लागल्यावर देवदत्तनं विचारलं, "किती मुलं होती वर्गात?"

"बेचाळीस."

"सांग ना."

शुभा सांगू लागली. एक उल्हास होता, त्याला सातचा पाढा कधी आला नाही, पण चिमणीचं घरटं कुठं आहे ते अचूक ठाऊक. एक नैना होती, ती रोज डब्यातली अर्धी पोळी बाईंसाठी ठेवायची. बुकिंग केलेल्या मोटेलचा फाटा मागं पडला, तो दोघांनाही दिसला नाही. पुढच्या गावात एकच डायनर उघडं होतं. तिथं पॅनकेकशिवाय काही शिल्लक नव्हतं, म्हणून रात्रीच्या जेवणाला त्यांनी पॅनकेकच खाल्ले. वेट्रेसनं कॉफी दोनदा भरली. देवदत्तनं कोपर टेबलावर टेकून, हनुवटीखाली मूठ घेतली होती.

"बरं," तो म्हणाला, "मग नैनाचं काय झालं?"