एकशे बारा उघड्या खिडक्या

मी या घरातला कॉम्प्युटर बोलतोय. बैठकीच्या खोलीत, चपलांच्या कपाटाशेजारी माझं टेबल आहे. जरा दमानं घ्या, सावकाश बोलायची माझी जुनी सवय अजून गेलेली नाही. पडद्यावर ते छोटं चाक गरगरताना दिसलं की समजा, मी विचार करतोय. घरातले मात्र लगेच म्हणायचे, "गेला वाटतं हा!"

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथे कुणी लाड केले नाहीत. चार स्क्रू आवळले आणि खोक्यात कोंबलं. इथला मुलगा शाळेत भूगोल शिकवतो. पाच वर्षं त्यानं माझ्यावर नकाशे काढले, प्रश्नपत्रिका तयार केल्या. पुढे त्याला शाळेकडून लॅपटॉप मिळाला आणि मी आईंच्या वाट्याला आलो. आई म्हणजे त्याची आई. सून त्यांना आई म्हणते, म्हणून मीही म्हणतो.

मी आल्या आल्या आईंनी माझ्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल घातला. माझी गरम हवा जिथून बाहेर पडते, नेमका तिथेच. माया इतकी की जीव गुदमरला.

आई तीस वर्षं एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होत्या. बोर्डावर पाच खुर्च्या, त्यातली पाचवी त्यांची. चौथीवर त्यांची जिवलग मैत्रीण. दोघी एकमेकींना नावानं हाकच मारत नसत. ही 'पाच नंबर' आणि ती 'चार नंबर'. आणि दोघींचा नियम एकच: समोरच्यानं फोन ठेवल्याशिवाय आपण लाईन तोडायची नाही.

तो नियम आईंनी मलाही लावला. पडद्यावर उघडलेली खिडकी त्यांनी आजवर कधी बंद केली नव्हती. कोपऱ्यातली आडवी रेघ दाबायची, की ती खाली जाऊन बसते. आईंच्या मते ती 'होल्डवर' असते. त्यात मुलानं अशी सोय करून ठेवली की मला बंद करून पुन्हा सुरू केलं तरी सगळ्या जशाच्या तशा हजर. असं करता करता माझ्या पोटात एकशे बारा खिडक्या साठल्या. एकीत तीन वर्षांपूर्वीचं हवामान. एकीत मोज्यांचं विणकाम. एकीत खोकल्यावरचा उपाय, खोकला गेला तरी ताटकळत बसलेला.

आणि एकीत ते पत्र.

झालं असं, दोन वर्षांपूर्वी निवृत्त मंडळींचा मेळावा होता. चार नंबरनं सगळ्यांसमोर उभं राहून किस्सा सांगितला की पाच नंबरनं एकदा मोठ्या डॉक्टरांच्या सासूबाईंचा फोन चुकून शवागारात जोडला होता. सभागृह खो खो हसलं. आई पर्स उचलून तडक घरी आल्या. दोन दिवसांनी राग निवळला तेव्हा माझ्यापुढे बसून त्यांनी पत्र लिहिलं: "चार नंबर, चुकलं माझं. उगाच फणकारले. तुझ्याशिवाय करमत नाही. फोन कर." मग आडवी रेघ दाबली आणि उत्तराची वाट बघत बसल्या.

पाठवायचं बटण दाबलंच नाही! बोर्डावर एकदा बोललं की तिकडे पोचलंच, ही तीस वर्षांची सवय.

तेव्हापासून आई रोज सकाळी चहाचा कप घेऊन टपाल तपासायच्या आणि म्हणायच्या, "बघा, एका शब्दानं उत्तर नाही. एवढा ताठा!" मला सगळं ठाऊक होतं. पण मला स्पीकर असला तरी जीभ कुठे आहे?

इकडे माझी चाल मंदावत गेली. शेवटी रविवारी जेवणाच्या टेबलावर माझा विषय निघाला. मुलगा म्हणाला, "मेमरी कमी पडतेय. दुप्पट करून टाकू."

सून म्हणाली, "अहो, या म्हाताऱ्यावर कशाला खर्च? नवीनच घ्या. हा देऊ भंगारात."

माझा पंखा घरघरायला लागला. मी भंगारात गेलो असतो तर ते पत्रही माझ्याबरोबर गेलं असतं. तेवढ्यात आई हळूच म्हणाल्या, "माझ्याच हाताला गुण नाही. मी नाही बसत यापुढे त्याच्यासमोर." हे मला भंगारापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. त्यानं रुमाल उचलला, चार वेळा शिंकला आणि नव्या मेमरीची पट्टी खिशातून काढून टेबलावर ठेवली. पण माणूस मनाचा खोटा नव्हता. म्हणाला, "मेमरी भरलीय खरी. पण कशानं भरलीय ते आधी बघू."

बघितलं आणि डोक्याला हात लावला. "एवढ्या खिडक्या कुणी उघड्या ठेवल्या?"

मुलानं बायकोकडे बघितलं, बायकोनं नवऱ्याकडे. आईंनी वर्गातल्यासारखा हात वर केला. "अहो, पण त्यांचं बोलणं संपलं नसेल तर?"

"कुणाचं, काकू?"

"समोरच्यांचं."

तो हसला नाही, हे त्याचे उपकार मी विसरणार नाही. "काकू, समोरच्यांनी फोन कधीच ठेवलाय. तुम्ही एकट्याच कानाला लावून बसलाय."

मग आईंनी एकेक खिडकी बंद केली, प्रत्येकीला "बरं, ठेवते हं" म्हणत. पोटभर जेवणानंतर पट्टा सैल करावा तसं मला वाटत गेलं. शेवटी एकच उरली.

दुरुस्तीवाला वाकून म्हणाला, "हे तर तुम्ही पाठवलेलंच नाही."

"म्हणजे तिकडे घंटाच वाजली नाही?"

"नाही."

आई म्हणाल्या, "दोन वर्षं मी तिला काय काय बोलले हो!" मग डोळे पुसून त्यांनी स्वतःच बटण दाबलं.

दुरुस्तीवाल्यानं पट्टी परत खिशात घातली. "हिची गरज नाही. रुमाल तेवढा कपाटात ठेवा."

तो जिना उतरतो न उतरतो तोच फोन वाजला. पलीकडचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. "अगं बये, पाच नंबर! दोन वर्षं लाईन अडवून बसली होतीस होय?"

आई रडल्या, हसल्या आणि शवागाराचा किस्सा या वेळी त्यांनीच रंगवून सांगितला.

तर मंडळी, तुमच्या घरातला माझा भाऊबंद रेंगाळायला लागला, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याच्या पोटात डोकावून बघा. एवढीच विनंती. मी आता ठणठणीत आहे, सांगाल ते चुटकीसरशी करतो.

फक्त सध्या मला कुणी काही सांगत नाही. संध्याकाळ झाली, सुनेनं दोनदा चहा गरम केला, दोघींचं बोलणं कधीच संपलं, तरी आईंच्या कानाला फोन तसाच आहे.

"ठेव आता, चार नंबर."

"छे, तू ठेव आधी."