मागच्या सीटवरचे पोस्टमन

मी एक सायकल बोलतेय. मला बघून लोक आधी हसतात आणि मग बोलतात, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते. मला सीट दोन, हँडलं दोन आणि पॅडलं चार आहेत. चाकं मात्र चारचौघींसारखी दोनच.

माझा जन्म वेल्डिंगच्या दुकानात झाला. तिथला कारागीर एरवी लोखंडी फाटकं आणि खिडक्यांचे गज करायचा. मला त्याने हौसेने बनवलं, सुट्टीच्या दिवशी बायकोबरोबर तळ्याकाठी फिरायला जावं म्हणून. हिरवा रंग दिला, मागच्या सीटला जाड स्पंज लावला आणि बायकोला हाक मारली. तिने मला पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे वाटभर मी तुमची पाठच बघायची?"

झालं. माझं घरगुती आयुष्य तिथेच संपलं.

तिथून मी आले भाड्याने सायकली देणाऱ्या मावशींच्या दुकानात. आमच्या भागात पाच तळी आहेत. मधे बुटक्या टेकड्या, शेतं आणि झाडीतून जाणाऱ्या अरुंद वाटा. माणसं लांबून फिरायला यायची. पण मावशींच्या भिंतीवर नकाशा होता तो बसच्या मार्गांचा. त्यामुळे सगळे मोठ्या रस्त्याने जायचे, ट्रकची धूळ खायचे आणि तासाभरात परत यायचे. "दिसलं एकदाचं तळं," म्हणायचे आणि हात धुवायला पाणी मागायचे.

माझ्यावर बहुतेक जोडपी बसायची. पुढचा विचारायचा, "मारतेयस ना पॅडल?" मागची म्हणायची, "मग काय झोपलेय?" कित्येकदा जाताना दोघं माझ्यावर बसून गेली आणि येताना मला मधे धरून, एक इकडून आणि एक तिकडून, तोंडं फिरवून चालत आली. हळूहळू मला कुणी विचारेना. मावशींनी मला जुन्या टायरांच्या ढिगामागे उभं केलं. साखळी गंजली. उंदरांनी मागच्या सीटच्या स्पंजात संसार थाटला.

दोन वर्षं अशीच गेली. मग एका सकाळी शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई दुकानात आल्या. नवऱ्याच्या गावी बदली मिळाली म्हणून नुकत्याच सासरच्या घरी राहायला आल्या होत्या.

"मावशी, दोघांची सायकल आहे म्हणे तुमच्याकडे?"

"आहे. पण आधी ठरवा, सायकल चालवायचीय की संसार टिकवायचाय."

"नवऱ्यासाठी नकोय हो. सासऱ्यांसाठी हवीय."

या बाईंचे सासरे कोण, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. चौतीस वर्षं पाची तळ्यांभोवतीच्या वस्त्यांना सायकलवरून पत्रं पोचवणारे पोस्टमन. निवृत्त झाले आणि त्यांची नजर गेली. आधी अक्षरं गेली, मग माणसांची तोंडं, मग उजेडसुद्धा. तेव्हापासून ते ओसरीवरच्या खुर्चीत रेडिओ मांडीवर घेऊन बसलेले असत. मुलगा जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. त्याचा बापावर फार जीव. "बाबा, उठू नका, मी देतो," हे वाक्य तो दिवसातून चाळीस वेळा म्हणायचा. त्या मायेनेच म्हाताऱ्याच्या पोटऱ्या काडीसारख्या झाल्या होत्या.

मावशींनी उंदरांना घर खाली करायला लावलं, साखळीला तेल पाजलं आणि मला सूनबाईच्या हवाली केलं.

पोस्टमननी मला पुढून मागेपर्यंत चाचपलं. हात पुढच्या हँडलवर गेला आणि तिथेच राहिला.

"मी पुढे?"

"नाही बाबा. तुम्ही मागे."

"हं," ते म्हणाले. त्या एका 'हं'मध्ये चौतीस वर्षं होती.

पहिल्या दिवशी आम्ही कुंपणात गेलो. पोस्टमनना सवय स्वतः वळवायची, त्यामुळे सूनबाई उजवीकडे झुकली की हे डावीकडे. दुसऱ्या दिवशीही कुंपणच, पण समोरच्या बाजूचं. आठवड्याभरात मात्र दोघांचे पाय एका लयीत पडायला लागले. मग काय! ते मागून वाट सांगायचे आणि ती पुढे चालवायची. ट्रकचा रस्ता आम्ही सोडूनच दिला.

एकदा मात्र बिनसलं. तिसऱ्या तळ्याजवळच्या फाट्यावर ते म्हणाले, "डावीकडे घे."

"बाबा, डावीकडे रस्ता नाही. पाणी आहे."

"मला सांगतेस? या वाटेने मी—"

"पाणी आहे. उतरून बघा."

ते उतरले, काठी टेकत चार पावलं गेले आणि त्यांचा बूट पाण्याने भरला. तळ्याची भिंत वाढवल्यावर ती जुनी वाट बुडाली होती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी बुटातलं पाणी ओतलं. मग म्हणाले, "घरी चल."

चार दिवस ते खुर्चीतून हलले नाहीत. पाचव्या दिवशी सूनबाई शाळेची एक कोरी वही घेऊन ओसरीवर आली. "बाबा, तुमच्या वाटा जुन्या झाल्यात आणि माझ्याकडे तर वाटाच नाहीत. जुनं तुम्ही सांगा, नवं मी बघते. दोघांचं मिळून काहीतरी होईल."

त्यांनी रेडिओ बंद केला. "पेन आणलंयस ना? मग लिही."

त्या वहीतून फेरीचा एक मोठा कागद तयार झाला. मावशींनी बसचा नकाशा काढून तिथे तो लावला. त्यावर लिहिलं होतं: 'शाळा मागे टाका. ताज्या भुशाचा वास आला की आरागिरणी आली. तिथून उजवीकडे. चढ लागेल. मांड्या भरून आल्या तरी उतरू नका, अजून दोन वळणं आहेत. तोंडावर गार वारा लागला की समजा दुसरं तळं आलं. आता तुम्हाला डोळे असतील तर बघा.'

लोक वाचून हसायचे आणि निघायचे. पण आता तासाभरात कुणी परत येत नव्हतं. संध्याकाळी यायचे, नाक उन्हाने लाल, पोटात भूक आणि तोंडाला खळ नाही. कुणीतरी तक्रार केली, "आरागिरणी बंद होती, वास कसा येणार?" पोस्टमननी लगेच पुढची ओळ सांगितली, "रविवारी नाकावर विसंबू नये."

आता त्या दिवसाचं सांगते.

चौथ्या आणि पाचव्या तळ्याच्या मधे एक लांबलचक बांध आहे. वाट सरळसोट, दोन्ही बाजूंना पाणी, मोटारींना बंदी. तिथे पोचल्यावर पोस्टमन म्हणाले, "थांब. समोर कुणी आहे?"

"कुणी नाही. लांब थोडी बदकं आहेत."

"मग मला पुढे बसू दे. एकदाच."

सूनबाईने माझं हँडल आणखी घट्ट धरलं.

"घरी कळलं तर?"

"कळल्यावर बघू."

तिने एकदा मागे पाहिलं, एकदा पुढे, आणि जागा बदलली. मागच्या हँडलला ब्रेक नसतो, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा आम्ही निघालो होतो.

"थोडं उजवीकडे. सरळ. सरळच ठेवा. बाबा, जरा हळू!"

"काय म्हणालीस? वाऱ्यात ऐकू येत नाही!"

चक्क खोटं! त्यांना सगळं ऐकू येत होतं. ते पुढे वाकले होते, टोपी उडून गेली होती, आणि घंटी तर अशी वाजवत होते, जणू वस्तीवस्तीला मनीऑर्डर आलीय. इतकी वर्षं माझ्यावर माणसं बसली, पण असं मला कुणी पळवलं नव्हतं.

बदकांना घंटी कळली नाही. ती आपली रस्त्याच्या मधोमध गप्पा मारत राहिली. "डावीकडे!" सूनबाई ओरडली. पोस्टमननी बैलगाडी चुकवावी इतकं डावीकडे घेतलं, आणि आम्ही तिघं उतारावरून थेट लव्हाळ्यात गेलो.

धप्प! मग एकदम शांत.

"बाबा! बाबा, लागलं का?"

पोस्टमन चिखलात बसले होते, पाणी कमरेपर्यंत. "हे चौथं तळं की पाचवं?"

"पाचवं!"

"तरी म्हटलं, पाणी इतकं गार कसं."

आणि ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. सूनबाई आधी रडली, मग तीही हसली. माझं पुढचं चाक पार वाकडं झालं होतं, पण माझ्याकडे बघतो कोण.

मला ढकलत दोघं घरी आली. मुलगा अंगणातच होता. तो धावत आला.

"तुला काही कळतं का गं? आंधळ्या माणसाला तू—" तो मधेच थांबला. तो शब्द त्या घरात कुणी कधी उच्चारला नव्हता.

"बोल ना," पोस्टमन म्हणाले. "आंधळा आहेच मी. तो शब्द टाळायच्या नादात तू मला खुर्चीतून उठूच दिलं नाहीस, बाळा. आज मी सायकल चालवली. पडलो आणि उठलोही. गुडघा सोललाय, त्याला काहीतरी लाव. जनावरांचं औषध असलं तरी चालेल."

मुलगा आत गेला, औषध आणि कापूस घेऊन आला आणि बापापुढे खाली बसला. जखम धुताना, मान खालीच ठेवून त्याने विचारलं, "पुढे बसून किती लांब गेलात?"

"अर्धा बांध तरी."

"अर्ध्याहून जास्त," सूनबाई म्हणाली.

मुलाने पट्टीची गाठ मारली. "घंटी वाजवलीत ना?"

दुसऱ्या दिवशी त्यानेच माझं चाक सरळ करून आणलं आणि मागच्या हँडललाही ब्रेक बसवून घेतला.

आता माझा हिरवा रंग बराच उडालाय. पुढचं चाक अजून किंचित लचकतं. मी मावशींच्या दुकानात नसते, पोस्टमनच्या ओसरीवर असते. खुर्ची होती ना, तिथेच. तुम्ही तळ्यांकडे आलात तर मोठा रस्ता सोडा, एवढंच माझं मागणं. दम लागेल, लागू द्या.

चला, निघायची वेळ झाली. आज मुलाला सुट्टी आहे आणि तो पहिल्यांदाच माझ्या पुढच्या सीटवर बसलाय. सूनबाई स्वतःची सायकल घेऊन सोबत आहे. आरागिरणीपासचा चढ लागलाय. मुलगा धापा टाकत सारखा विचारतोय, "बाबा, दमलात का? पाय सोडा, मी ओढतो."

खरं सांगू? मघापासून सगळा जोर मागूनच येतोय. पण हे त्याला कळू देऊ नका.