भोंगा वाजल्यावर पाणी

ठकी हंडा घेऊन झिऱ्यावर पोचली, तर झिऱ्याच्या तोंडाशी काठी आडवी टाकून एक माणूस बसलेला. वांगणीचा रघ्या. अंगात कांतीलाल शेटचा जुना कोट, आणि मान खाली.

"ठकीबाय, आता नाय," तो म्हणाला. "भोंगा वाजल्याबिगर कोनी पानी भरायचा नाय. भोंगा वाजला की आधी मोटारीचा भरायचा, मंग पाड्याचा. शेटचा हुकूम हाय."

ठकीला आधी वाटलं, हा चेष्टा करतोय. मग पाहिलं, तर तिच्या आधी आलेल्या चार बाया रिकामी भांडी घेऊन सावलीत बसल्या होत्या. ठकीची कानशिलं तापली. हा झिरा तिच्या सासऱ्याने आणि पाड्यातल्या माणसांनी हाताने उकरला होता. त्याच्या काठाचे दगड तिने स्वतः डोक्यावरून आणले होते. आणि आता तिथलं पाणी प्यायला एका भोंग्याची परवानगी लागणार होती.

हा करवळपाडा जव्हारहून खोडाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चढ संपतो तिथे. घरं अकरा. पावसाळ्यात चहूकडून पाणी वाहतं, पण चैत्र लागला की सगळा पाडा त्या एका झिऱ्यावर. करवंटीने उपसायचं, थांबायचं, पुन्हा पाझरलं की पुन्हा उपसायचं. एक हंडा भरता भरता सूर्य हातभर वर येतो. ठकीच्या घरात सून रुपी बाळंत होऊन अकरा दिवस झाले होते. तिला ऊन पाणी लागायचं, बाळाची दुपटी धुवायला लागायचं. मुलगा शेटच्याच तोडीवर सागवान तोडायला गेलेला, त्यामुळे पाणी आणणारी ठकी एकटी.

आणि कांतीलाल शेट म्हणजे जंगलाचा ठेकेदार. राहायचा जव्हारच्या बाजारपेठेत, लाकडाचा डेपो त्याचा खोडाळ्याच्या अलीकडे. ते इंग्रजी एकोणीसशे सव्वीस साल. जव्हार संस्थानात मोटारी बोटांवर मोजाव्यात इतक्याच, आणि शेटने मुंबईहून एक जुनी, कोणीतरी वापरून टाकलेली मोटार आणून दारात उभी केली होती. मोटार म्हणजे काय, तर एक लोखंडी पेटी, चार चाकं आणि जन्माची तहान. चढ चढून पाड्यापाशी आली की तिच्या नाकातून वाफ निघायची. मग ड्रायव्हर मधुकर भोंग्याचा रबरी फुगा दाबायचा, आणि पाड्यातल्या बायांनी हंडे घेऊन धावायचं. कधी कोणी "देता का" म्हणून विचारलं नाही. बैलाला पाणी पाजताना माणूस त्याच्या पाठीवरून हात फिरवतो. या बायांना कोणी तेवढंही केलं नाही.

आधी हे आठवड्यातून एकदा होतं. बायांनी सोसलं. पण गेल्या आठवड्यात मधुकरने मोटारीचं काहीतरी पिळता पिळता तोडलं, आणि तेव्हापासून ती जाताना चार हंडे पिऊ लागली, येताना चार. रोज. पाऊस लागायच्या आत लाकूड हलवायचं म्हणून शेट थांबायला तयार नव्हता. मुंबईचा मिस्त्री यायला महिना लागणार होता. म्हणून मग रघ्या, काठी आणि हुकूम.

त्या दिवशी मोटार दुपार कलल्यावर आली. तोवर सावलीतल्या बाया तशाच बसून. भोंगा वाजला, रघ्या उठला, चार हंडे भरायला दिले. ठकीने आपला हंडा मुद्दाम स्वतः नेला. तिला बघायचंच होतं, हे पाणी जातं कुठे.

मधुकरने फडक्याने धरून झाकण उघडलं आणि मागे सरला. आतून फेस उसळला. तपकिरी, बुळबुळीत फेस. ठकीने वास घेतला, पुन्हा घेतला.

"ही तर नागलीची आंबील," ती म्हणाली. "करपलेली."

मधुकर ठाण्याचा, टोपी घालणारा, त्याला हे बोलणं लागलं. "तुला काय कळतंय? पाणी ओत."

"परवा माझ्या घरून पायलीभर नागलीचा पीठ नेलास. वाटेत भाकर करीन म्हनलास. त्या पिठाचा काय केलास?"

मधुकरने टोपी काढून कपाळ पुसलं. मग हळूहळू निघालं ते सगळं. एंजिनाच्या डोक्यावर पाण्याची एक लोखंडी मान असते, दोन बोल्टांनी घट्ट बसवलेली. तिथून पाणी गळतंय म्हणून त्याने बोल्ट पिळला, आणखी पिळला, आणि तो मुंडक्यापासून तुटला. अर्धा आतच राहिला. आता मान एका बाजूने उचलली जायची आणि फटीतून पाणी जायचं. गळती बुजावी म्हणून याने पाण्याच्या टाकीत नागलीचं पीठ ओतलं. ठाण्याला कोणीतरी त्याला सांगितलं होतं, पीठ फुगतं आणि फट बुजते. फट बुजली नाहीच. टाकीतल्या बारीक नळ्या मात्र बुजल्या, पाणी फिरेना, आणि मोटार दुप्पट तापू लागली.

ठकी त्याच्याकडे बघत राहिली. चैत्रात कणगीचा तळ दिसायला लागतो, तेव्हा घरातलं पायलीभर पीठ याने लोखंडाला खाऊ घातलं, आणि त्याची शिक्षा म्हणून तिच्या सुनेच्या तोंडचं पाणी काढून घेतलं. तिला इतका संताप आला की तिने हंडा तिथेच खाली ठेवला. ओतला नाही.

"शेट कुठं हाय?" तिने विचारलं.

शेट मोटारीच्या मागच्या गादीवर पंख्याने वारा घेत बसला होता. ठकी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. डोंगरात सगळ्यांनाच तू म्हणतात, देवालासुद्धा, तेव्हा शेटलाही तूच.

"शेट, तुझी मोटार माझा भाऊ नीट करल. मंग झिऱ्यावरून मानूस काढशील का?"

मधुकर हसला. शेट हसला नाही, त्याला लाकडाची घाई होती. "तुझा भाऊ कोण?"

"ढवळू. विळे करतो, कुऱ्हाडी करतो."

"विळे," मधुकर म्हणाला. "शेट, या जंगली हातांत एंजिन देऊ नका."

"तुझ्या हातात होता तवाच तुटला ना?" ठकी म्हणाली.

शेटने थोडा विचार केला. "ठीक. परवा सकाळी मी गाडीत बसून हा चढ चढेन. मोटार तापली नाही तर रघ्याला उठवतो, शब्द देतो. पण बिघडवलीत तर तुझा भाऊ दिवाळीपर्यंत माझ्या डेपोवर लाकडं ओढेल. फुकट." मग तो पाड्यातली एक बैलगाडी जुंपायला लावून निघून गेला. बैलगाडीवाल्यालाही त्याने विचारलं नाही.

ढवळू ठकीचा धाकटा भाऊ. शेतीच करायचा, पण अंगणात भाता होता आणि दहा पाड्यांचे विळे त्याच्या हातचे. बहिणीने आपल्याला परस्पर पणाला लावलंय हे ऐकून तो रागावेल असं तिला वाटलं होतं. त्याने फक्त मोटारीभोवती दोन चकरा मारल्या, मान सोडवून बाजूला ठेवली, आणि आत बसलेल्या तुटक्या बोल्टावरून अंगठा फिरवला.

"छिन्नीने ठोकून काढू," मधुकर म्हणाला.

"ठोकशील तर आजूबाजूचा बिडाचा लोखंड पन फुटल," ढवळू म्हणाला. "हा रुसून बसलाय. त्याला तापवायचा, तेल पाजायचा, मंग उलटा फिरवायचा."

ठकीने टाकीचं काम आपल्याकडे घेतलं. तवलीच्या बुडाला आंबील करपली की बाया काय करतात, ते तिला कोणी शिकवायला नको होतं. चुलीतली पांढरी राख पाण्यात उकळली, निवळ गाळून घेतली आणि ते राखेचं पाणी टाकीत भरून रात्रभर राहू दिलं. त्याला एक हंडा लागला. सकाळी काढलं तर काळे पापुद्रे निघाले, वीतवीत. मग धुवायला आणखी दोन हंडे. मोटार उभी होती तरी रघ्या झिऱ्यावरून हलला नव्हता, म्हणून ते तीन हंडे तिने घरातलेच दिले. रुपीने विचारलं, "आत्या, बाळाला काय?" तेव्हा ठकी हंडा घेऊन तशीच बाहेर पडली. ज्या पाण्यासाठी भांडायचं, तेच पाणी त्या पेटीच्या पोटात ओतावं लागत होतं, आणि हे ज्याने करायला लावलं तो जव्हारला माठातलं गार पाणी पीत बसला असेल, हे तिच्या डोक्यातून जाईना.

इकडे ढवळूने दिव्याचं घासलेट थेंब थेंब बोल्टाच्या कडेने सोडलं. लोखंडी सळई लाल करून तुटक्या टोकावर टेकवायची, निवू द्यायची, पुन्हा घासलेट. असं अर्धा दिवस. मग त्याने बरोबर मध्यावर एक टोचा मारला आणि सुताराचा भोक पाडायचा सामता लावला. दोरीने पुढे मागे, पुढे मागे. बोल्टाच्या पोटात करंगळीहून बारीक भोक पडलं. जुन्या विळ्याच्या पोलादाची एक चौकोनी, निमुळती मेख त्याने आधीच घडवून ठेवली होती. ती भोकात ठोकून बसवली.

"ही आत मोडली तर?" मधुकरने विचारलं. आता तो हसत नव्हता.

"मोडली तर मी दिवाळीपर्यंत लाकडा ओढीन."

त्याने सांडशीने मेख धरली आणि उलटी फिरवली. काही नाही. पुन्हा जोर दिला. कुठेतरी कट् असा आवाज झाला. ढवळूने सांडशी सोडली, वाकून पाहिलं, मेखेवर बोट ठेवलं.

"मेख नाय मोडली," तो म्हणाला. "गंज सुटला."

मग तो घाई न करता अर्धं बोट मागे, थोडी पुढे, पुन्हा मागे असं करत राहिला. शेवटी तो तुटका तुकडा वर आला, मेखेला चिकटूनच. मधुकरने हात पुढे केला, पण ढवळूने तो बहिणीच्या हातात दिला. बोटाच्या पेराएवढा. ठकीने तो उलटसुलट करून पाहिला. एवढ्याशा लोखंडासाठी अकरा घरं आठ दिवस तहानलेली राहिली होती, याची तिला जास्तच चीड आली.

आता नवा बोल्ट हवा. असले आटे पाडायचं हत्यार ढवळूकडे नव्हतं. "मोटारीचाच कुठला तरी काढू," तो म्हणाला, आणि एकेक लावून पाहू लागला. दोन जुळले. एक पाय ठेवायच्या फळीचा. दुसरा भोंग्याचा.

"फळीचा काढ," मधुकर म्हणाला.

"भोंग्याचा काढ," ठकी म्हणाली.

ढवळूने बहिणीकडे पाहिलं आणि भोंग्याचा काढला. चामड्याची चकती कापून मानेखाली घातली, बोल्ट हाताने बसेल तेवढा बसवला आणि वर फक्त अर्धा वेढा दिला. "याच्यापुढं पिळू नकोस," त्याने मधुकरला बजावलं. सुटलेला भोंगा ठकी घरी घेऊन गेली आणि आढ्याला टांगला.

ठरल्या सकाळी मोटार चढाच्या तळाशी नेली. शेट आला, गादीवर बसला, भोंग्याची रिकामी जागा पाहून त्याने कपाळाला आठ्या घातल्या. मधुकरने कारण सांगितलं. "असू दे, मुंबईहून बोल्ट मागवू," शेट म्हणाला. "चल." मोटार घुरघुरत निघाली. पाड्यातली माणसं वर रस्त्याच्या कडेला उभी होती. वळणावर ती दिसली, मग शेवटचा चढ, मग त्यांच्या समोर. वाफ नाही. फेस नाही.

ठकी दोन पावलं पुढे झाली. आता मोटार थांबेल, शेट रघ्याला हाक मारेल.

मोटार थांबली नाही. शेटने यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तो समोर खोडाळ्याच्या दिशेने बघत होता. "पहिल्यापासून असं का नाही केलंस रे," एवढं तो मधुकरला म्हणाला, ते लोकांनी ऐकलं. मग धूळ उडाली.

सगळे झिऱ्याकडे वळले. रघ्या तसाच बसलेला, काठी तशीच आडवी.

"ऊठ रे," ढवळू म्हणाला. "झाला काम. मोटार चढली."

"मना कुठं कोन काय बोलला?" रघ्या म्हणाला. त्याला स्वतःलाच लाज वाटत होती. "मना सांगितलाय, भोंगा वाजल्याबिगर कोनी भरायचा नाय. आधी मोटारीचा, मंग पाड्याचा. मी उठलो नि शेट परत आला तं? माझी पोरा वांगणीला हायत, दादा. तोडीवरनं मना काढला तं ती काय खातील?"

ढवळूच्या मुठी वळल्या. ठकी घराकडे गेली. बायांना वाटलं, हरली. घरात रुपी रिकाम्या तवलीपाशी बाळाला घेऊन बसली होती. ठकीने तिच्याकडे पाहिलं, आढ्याचा भोंगा काढला, हंडा उचलला आणि परत झिऱ्यावर आली.

ती रघ्याच्या समोर उभी राहिली. रबरी फुगा तिने दोन्ही हातांनी दाबला. भोंगा असा वाजला की वरच्या करवळीच्या झाडीतून पाखरं उडाली. तिने तो पुन्हा दाबला.

"वाजला?" तिने विचारलं.

"वाजला," रघ्या म्हणाला.

"आधी मोटारीचा. बघ, मोटारीला पानी नको. पुसून ये जा, खोडाळ्यापावत गेली असल."

रघ्याने रस्त्याकडे पाहिलं. तिथे नुसती धूळ बसत होती. त्याने हुकूम मनातल्या मनात घोळवला असावा, कारण त्याचे ओठ हलले. मग तो उठला, काठी उचलून बगलेत धरली आणि बाजूला सरला.

"हुकमापरमाने झाला," तो म्हणाला.

ठकीने भोंगा झिऱ्याच्या काठावर, तिच्याच डोक्यावरून आलेल्या दगडावर ठेवला. आठवडाभर तो तिथेच राहिला, आणि पाण्याला आलेली प्रत्येक बाई आधी तो एकदा वाजवायची. पण त्या दिवशी पहिली ठकी खाली वाकली, करवंटी पाण्यात घातली आणि रुपीचा हंडा भरायला घेतला.