हिरव्या पट्ट्यातला फ्लोट

बाळंतपण आणि पाठोपाठ पोरीच्या छातीचं दुखणं, या धावपळीत इन्व्हर्टरची बॅटरी आठ महिने जिन्याखाली तशीच पडून राहिली. आता वीज रोज दुपारी दगा द्यायची आणि पोरीचं वाफेचं मशीन मुकं व्हायचं. नवी बॅटरी यायला तीन आठवडे, दुकानदाराने हात वर केले.

"उतरलेली असती तर झटक्यात चढवली असती," सासरे म्हणाले. त्यांचा उभा जन्म बॅटऱ्यांत गेलेला. "ही बसलीय. प्लेटांवर मीठ धरलंय. बारीक करंट देऊन आठवडाभर मनधरणी करायची. सासूबाईंची करायचो तशी."

"तुमच्या की माझ्या?"

"तुझ्या गं. माझ्या रुसायच्या नाहीत, सरळ झोडपायच्या."

रोज सकाळी ते हायड्रोमीटरने एकेका सेलमधलं पाणी ओढून बघत. हिरव्या पट्ट्यात आला की बॅटरी भरली, पण काचेतला फ्लोट तांबड्यातच लोळायचा. "केसभर वर आलाय," ते म्हणत. सुनेला तो केस दिसेना. तिला दिसायची ती श्वासागणिक बरगड्यांत खोल जाणारी पोरीची कातडी.

पाचव्या दुपारी सासऱ्यांचा डोळा लागला आणि तिने त्यांच्या सामानातला अ‍ॅसिडचा कॅन उघडला. विज्ञानाची पदवी होती तिच्याकडे. अ‍ॅसिड कमी म्हणून फ्लोट बुडतोय, यात न कळण्यासारखं काय होतं? सहाही सेलमधलं थोडं पाणी काढून तिने अ‍ॅसिड घातलं. फ्लोट टुणकन हिरव्यात.

संध्याकाळी सासऱ्यांनी बघितलं, चष्मा पुसून परत बघितलं. "उठली! सूनबाई, उठली ही!" पोरीला खांद्यावर घेऊन ते चक्क नाचले. उठली तर खरी, मग कशाला सांगायचं, म्हणून ती गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशी वीज गेली. मशीन लावलं. चार मिनिटं वाफ आली, मग इन्व्हर्टर किंचाळला आणि मशीनची घरघर थांबली. पोरीची तेवढी राहिली.

सासरे हायड्रोमीटर घेऊन जिन्याखाली फतकल मारून बसले. "हिरवा तर आहे. मग माझेच डोळे गेले म्हणायचे. नातीच्या जिवाशी खेळलो मी."

"बाबा, अ‍ॅसिड मी ओतलं."

त्यांनी हायड्रोमीटर खाली ठेवला.

"अ‍ॅसिड कुठं गेलं नव्हतं गं. त्या मिठातच अडकलं होतं. तेच तर थेंबथेंब बाहेर काढत होतो. तू वरून ओतलंस, त्याने फ्लोट चढला, बॅटरी नाही."

"आठ दिवसांत उठली असती?"

"काय सांगू? असतीही, नसतीही. आता कधी कळायचं नाही."

ते ओरडले असते तर तिला सोसलं असतं. त्यांनी नुसते बॅटरीचे चिमटे सोडवले, हात धुतले आणि पायांत चपला सरकवल्या. दवाखाना अर्ध्या तासावर होता. भर उन्हात दोघं पाळीपाळीने पोरीला घेत चालली. तिच्या श्वासाची शिट्टी दवाखान्याच्या पायरीपर्यंत ऐकू येत होती, आणि तोवर कोणी कोणाला थांब म्हणालं नाही.